ड्रॉइंग कोण काढतंय?

मध्यंतरी भाचा घरी आला. मेकॅनिकलचा बी.ई., पास होऊन दोन वर्षं झाली. जेवताना मान खाली घालून म्हणाला, "मामा, तुमच्या शॉपमध्ये लावून घेता काय?"

मी लगेच हो म्हटलं नाही. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप, दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, सहा माणसं. मला ऑपरेटर लागतो, इंजिनिअर नाही. पगार 16,000. यासाठी चार वर्षांची फी भरली होय, असं बहीण विचारणार, आणि तिचं काय चुकलं?

यावर ठरलेलं उत्तर असतं: पोरांच्यात स्किल नाही. मीही तेच म्हणायचो. आता पटत नाही.

माझ्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी येते. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जवळच्याच फाउंड्रीतून, ड्रॉइंग पुण्याहून मेलवर. बोअरला, म्हणजे आतल्या गोल भोकाला, 15 मायक्रॉनचा टॉलरन्स: माप इकडेतिकडे झालेलं चालतं ते एवढंच, केसाच्या जाडीपेक्षाही बरंच कमी. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते, त्यात तीन नावं: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तिन्ही पुण्याची. 15 च का, तेल गळालं तर काय बदलायचं, हे ठरवणारा माणूस तिकडे बसतो. आम्ही नगावर मजुरी घेतो. इंजिनिअरनं जिथं डोकं लावायचं ते काम बेळगावात येतच नाही, ते झाल्यावर उरलेलं येतं. हत्तरगीला विमानाचे भाग होतात, पोरं कामाला लागली, चांगलंच झालं. पण ते विमान आखणारी डोकी तिकडे फ्रान्समध्ये तुलूझला.

आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून आपल्या मच्छेत! कॅम्पसचं नाव 'ज्ञान संगम'. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांची पदवी इथून निघते, आणि आपलं पोरगं ती घेऊन रात्रीच्या बसनं बेंगळूरला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालात भारताचा 2022 चा आकडा आहे: पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4. हे दाखवून लोक म्हणतात, शिकून काय उपयोग. मला त्यात दुसरंच दिसतं. न शिकलेल्या पोराला बेकार राहणं परवडतच नाही. तो सकाळी गवंड्याच्या हाताखाली उभा राहतो आणि कागदावर 'रोजगार' होतो. पदवीधराला आईबाप थोडे दिवस पोसतात, म्हणून तो बेकारांत मोजला जातो. पोसणं संपलं की तोही 16,000 वर येतो आणि आकडा सुधारतो! कर्नाटक सरकारच्या युवानिधी योजनेत बेकार पदवीधराला महिना 3,000 मिळतात, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. भाच्याचे निम्मे बसच्या तिकिटात गेले.

सीमाभागातल्या आपल्या पोरांची गत आणखी वेगळी. मराठी शाळेत शिकलेल्याला इकडच्या भरतीत कन्नडचा पेपर आडवा येतो. महाराष्ट्र आपली म्हणतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्यांना महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो, पण तिथं रांग केवढी ते पुण्यात अभ्यासिकेत बसलेल्यांना विचारा. पूर्वी घरातला एक जण इथल्या मराठा सेंटरमधून, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून, फौजेत गेला की घर सावरायचं. 2022 पासून अग्निवीर: चार वर्षं, आणि कायम होणार फार तर चारातला एक. त्यावर जास्त बोलत नाही, घरोघरी माहीत आहे.

दोष फक्त पुण्याचा नाही. गेल्या वीस वर्षांत मी मशिनी घेतल्या, शेड वाढवली, पण डोक्यानं काम करणारा एकही माणूस पगारावर ठेवला नाही. इंजिनिअरच्या पगारापेक्षा मशीनचा हप्ता मला सोपा वाटला. आपल्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या बहुतेकांचं असंच आहे, राग येऊ दे.

सोमवारपासून भाचा येतोय. मशीनवर उभं करण्याआधी त्याला रिजेक्शनचा, म्हणजे मापात न बसलेल्या बॉड्यांचा, रॅक दाखवला. बोअर गेज घेऊन दोन दिवस तो तिथंच बसून होता. चौदा बॉड्या मोजल्या. अकरांत बोअर एकाच बाजूला, बाहेरच्या भिंतीकडे दबलेला. "मामा, आपली सेटिंग ठीक आहे. इथं भिंतच पातळ आहे, मशीनवर आवळून धरली की दबते. ड्रॉइंगमध्येच दोन मिलिमीटर वाढवायला पाहिजे." त्यानं पुण्याला पाठवायचा मेलही लिहून दिला, स्केचसकट.

गिऱ्हाईक म्हणेल, तुम्हाला सांगितलंय तेवढं करा. मागे एकदा म्हणालं होतं. मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. भाचा रोज संध्याकाळी हात धुताना विचारतो, "गेला काय?"