भात्याला तेल लावण्याआधी निगेटिव्हची कडा पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील छायाचित्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. मोठ्या आकाराची फिल्म घेणाऱ्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यात प्रकाश शिरत असेल तर तो घरच्या घरी कसा थांबवावा, हा त्याचा विषय. त्यात पाच सूचना आहेत. खोली अंधारी करून भात्यात, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्याघड्यांच्या नळकांड्यात, मोबाइलचा टॉर्च लावावा, बाहेर उजेड दिसला नाही तर कॅमेरा निर्दोष समजावा. फोटोत गळतीचा पट्टा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला भात्याचे भोक शोधावे. भात्याला खोबरेल तेल चोळावे म्हणजे भेगा बुजतात, आणि उरलेल्या भोकांवर झटपट चिकटणारा डिंक टाकावा. होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या पेट्या, लाल दिव्यात भरावेत. शेवटची सूचना अशी की टाचणीएवढ्या भोकाची चिंता करू नये, वर काळा कपडा टाकला की भागते.

असे संदेश येतात आणि जातात. एरवी मीही दुर्लक्ष केले असते. पण निपाणीच्या माझ्या भाच्याने तो वाचून आजोबांच्या सागवानी, हाफ-प्लेट आकाराच्या कॅमेऱ्याच्या भात्याला तेल चोळले. “मामा, सगळ्या ग्रुपवर हेच आलंय,” एवढेच त्याचे उत्तर होते. भाता उलगडून पाहिला तेव्हा त्यात एकही भोक नव्हते. निगेटिव्हवरचा काळा पट्टा एका होल्डरच्या खाचेत उजेड अडवण्यासाठी लावलेल्या, पण झिजलेल्या मखमलीतून येत होता आणि त्याची शिक्षा भात्याला झाली होती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत घातक सूचना तेलाची आहे, तेव्हा आधी तीच घेऊ. जुना भाता म्हणजे चामड्याचा एकच तुकडा नव्हे. बाहेर पातळ चामडे किंवा रंगवलेले कापड, आत काळे कापड आणि दोहोंच्या मध्ये घड्या ताठ राहाव्यात म्हणून चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, अशी त्याची रचना असते. तेल चामड्यात मुरते आणि तिथे न थांबता डिंकापर्यंत पोहोचते. डिंक सुटला की पट्ट्या जागेवरून सरकतात, घडी चुकीच्या रेषेवर मोडू लागते आणि जिथे भोक नव्हते तिथे कोपरा फाटतो. शिवाय तेलाने भोक बुजत नाही. भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होतो हे सर्वांनी पाहिले आहे. भात्यातल्या पुठ्ठ्याचे आणि रंग उडालेल्या कापडाचेही तेच होते, म्हणजे उजेड अडवण्याऐवजी त्याला वाट मिळते. आतल्या बाजूला तेल झिरपले तर मंद काळा पृष्ठभाग चमकू लागतो, लेन्समधून आलेला प्रकाश त्यावरून उसळून फिल्मवर पडतो, आणि गळती नसतानाही सावल्या करड्या दिसू लागतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तेलकट चामडे तिच्या तावडीतून कसे सुटेल?

झटपट चिकटणाऱ्या डिंकाचेही तसेच आहे. तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, आणि भाता तर घड्या पडण्यासाठीच असतो. पहिल्याच घडीला डिंक तडकतो आणि शेजारचे कापड घेऊन सुटतो. वाळताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या काचेवर पांढरट थर बसतो. लेन्स कॅमेऱ्यावर तशीच ठेवून हे काम करणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

आता लाल दिवा. ही सूचना जुन्या स्टुडिओंतून आली आहे आणि तिथे ती योग्यही होती, कारण तेव्हाच्या फोटोच्या अनेक काचेच्या प्लेट्सना लाल रंग दिसतच नसे. आजही ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न दिसणारी) फिल्म किंवा हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली एक्स-रे फिल्म कापून वापरणारे योग्य लाल दिव्यात काम करू शकतात, हे मान्य करतो. पण संदेशात फिल्मचा प्रकारच सांगितलेला नाही. आज बहुतेक जण वापरतात ती पॅनक्रोमॅटिक फिल्म असते आणि तिला लाल प्रकाश स्पष्ट दिसतो. इल्फोर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस या फिल्मच्या माहितीपत्रकात ती पूर्ण अंधारातच हाताळावी असे स्वच्छ लिहिले आहे. त्याच कंपनीच्या ऑर्थो प्लस फिल्मला मात्र गडद लाल दिवा चालतो. एकाच कंपनीच्या दोन फिल्मसाठी दोन वेगळे नियम असताना सगळ्यांना एकच नियम लावणे म्हणजे लोकांची फिल्म वाया घालवणे आहे.

या लाल दिव्याचा गळतीशी थेट संबंध आहे. होल्डरमध्ये फिल्म बसते तेव्हा तिच्या कडा अरुंद पट्ट्यांखाली दडलेल्या असतात. कॅमेऱ्यात डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी सरकती पट्टी) काढल्यावर भात्यातून किंवा लेन्सबोर्डाच्या (लेन्स बसवलेल्या फळीच्या) फटीतून उजेड आला तर तो उघड्या भागावरच पडतो आणि दडलेली कडा स्वच्छ राहते. याउलट फिल्म होल्डरमध्ये जाण्यापूर्वी किंवा बाहेर काढल्यावर तिला उजेड लागला असेल, मग तो लाल दिव्याचा असो, डार्करूमच्या दाराच्या फटीचा असो की फिल्मच्या सैल डब्याचा, तर ती कडाही काळवंडते. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून कडेची ही बारीक पट्टी पाहायला काही क्षण लागतात आणि त्यावरून निम्मा शोध संपतो. कडा काळी असेल तर भात्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही. पाच सूचनांच्या त्या संदेशात या तपासणीचा उल्लेखही नाही.

दुसऱ्या सूचनेत अर्धे सत्य आहे. कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून पाहिले तर प्रतिमा जुळवून पाहण्याच्या घासलेल्या काचेवरची प्रतिमा खालची वर आणि डावीची उजवीकडे असते. म्हणून सरळ धरलेल्या फोटोत उजवीकडे दिसणारा पट्टा फिल्मवर डावीकडे पडलेला असतो. उजेड सरळ रेषेत जातो, त्यामुळे भात्याच्या उजव्या भिंतीतले भोक सहसा फिल्मच्या डाव्या भागावर उजेड टाकते. म्हणजे भात्यापुरते संदेशाचे म्हणणे बहुतेक वेळा जुळते. पण होल्डर मागच्या चौकटीत नीट बसला नसेल तर उजेड फटीला लागूनच पडतो. अशा वेळी फोटोत उजवीकडे पट्टा असेल तर फट डावीकडे शोधावी लागते. स्लाइडच्या खाचेची मखमल झिजली असेल तर पट्टा खाचेच्या कडेपासूनच सुरू होतो. दोष नेमका कोणत्या होल्डरचा हे कळावे म्हणून जुने लोक प्रत्येक होल्डरच्या झडपेला (फिल्म घालताना उघडतात त्या पट्टीला) कानशीने वेगवेगळी खूण करत आणि ती खूण निगेटिव्हच्या कडेला उमटे. पट्टा एकाच खुणेच्या निगेटिव्हवर येत असेल तर कॅमेरा निर्दोष आहे.

टाचणीएवढ्या भोकाची चिंता करू नये, हे म्हणणाऱ्याने साधे गणित केलेले दिसत नाही. एफचा आकडा म्हणजे ढोबळमानाने फिल्मपर्यंतचे अंतर भागिले छिद्राचा व्यास; आकडा मोठा तितका प्रकाश कमी. १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मवर भर उन्हात एफ ३२ ला साधारण १/२५ सेकंद पुरतात. फिल्मपासून ३०० मिलिमीटरवर असलेले १ मिलिमीटरचे भोक म्हणजे एफ ३०० चे छिद्र झाले. एफ ३२ च्या तुलनेत त्यातून सुमारे ८८ पट कमी प्रकाश येतो, म्हणजे साधारण साडेतीन सेकंदांत ते भोक फोटोइतकाच प्रकाश फिल्मवर टाकते. भोक अर्ध्या मिलिमीटरचे असेल तर चौदा सेकंद लागतात. शटर क्षणभरच उघडते, पण भोक डार्क स्लाइड बाहेर असेपर्यंत उघडेच असते. स्लाइड काढून ढग सरकण्याची वाट पाहत अर्धा मिनिट गेला, तर त्या मोठ्या भोकाने आठपट काम केलेले असते, आणि थेट सूर्य भोकासमोर आला तर याहून कितीतरी अधिक. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या मंडपात खांबांचे कोरीवकाम टिपायचे तर लहान छिद्रावर एक्स्पोजरच लांबते; बाहेरच्या उन्हाची तिरीप भात्यावर येत असेल तर तिथे बारीक भोकही खपत नाही. काळा कपडा भात्यावर टाकण्याची सवय चांगली आहे आणि फोटो काढताना ती मीही पाळतो, पण ती काळजी झाली, दुरुस्ती नव्हे.

टॉर्चची तपासणी चुकीची नाही, अपुरी आहे. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटे तरी लागतात. भाता पूर्ण ताणून आणि मग हलवून पाहावा लागतो, कारण भोके बहुधा घडीच्या कोपऱ्यात असतात आणि भाता मिटला की तीही मिटतात. टॉर्चने होल्डर तपासला जात नाही. जुन्या पितळी लेन्सला छिद्राच्या पट्ट्या सरकवण्याची खाच असते, तीही राहून जाते, आणि थॉर्नटन-पिकार्डसारख्या जुन्या कंपन्यांच्या शटरच्या रबरी कापडातली बारीक भोकेही तशीच सुटतात. खात्री फिल्मच देते. लेन्सला टोपी घालावी, होल्डर बसवून स्लाइड काढावी आणि कॅमेरा उन्हात काही मिनिटे चारही अंगांनी फिरवावा. दुसरा होल्डर स्लाइड न काढता वेगळा उन्हात ठेवावा. दोन्ही फिल्म एकत्र धुतल्या की गुन्हेगार सापडतो. या कामाला स्वस्त एक्स-रे फिल्म पुरते.

भोक खरोखर भात्यातच निघाले तर लवचिक जोड हवा. पातळ काळ्या कापडाचा, कोपरे गोल केलेला तुकडा सायकलच्या ट्यूबला लावतात त्या सोल्यूशनने चिकटवावा, भाता ताणलेला ठेवून पूर्ण वाळू द्यावा आणि मगच मिटावा. विजेच्या कामाची काळी टेप लावू नये; उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून घड्या एकमेकींना चिकटतात.

ज्यांनी तेल चोळलेच आहे त्यांनी पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नये. त्याने तेल आणखी आत जाते आणि उरलासुरला डिंकही सुटतो. लेन्स काढून ठेवावी, भाता ताणावा, बाहेरून टीपकागद हलक्या हाताने दाबून तेल शोषून घ्यावे, मग कॉर्नफ्लॉवरचा पातळ थर रात्रभर ठेवून सकाळी मऊ ब्रशने झटकावा, आणि कागदावर डाग उमटणे थांबेपर्यंत हेच पुन्हा करावे. तोवर कॅमेरा पेटीत बंद न करता हवेशीर जागी उघडा ठेवावा.