खुलासा : बिडकीनच्या शेतजमिनीबद्दलचा मेसेज चुकीचा आहे

राम राम मंडळी. ‘शेजारी देशांच्या कंपन्यांना आता कुणाला न विचारता बिडकीन भागात शेतजमीन घेता येते’ हा मेसेज परवा मीच ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. काल शेजारचे काका सातबाऱ्याची घडी खिशातून काढत विचारायला आले, “आपलं रान राहतंय ना बाप्पा?” मग नियम काढून नीट वाचले.

फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा; त्याच्या २०१९ च्या नियमांनुसार परदेशी कंपनीला शेतजमीन विकत घेताच येत नाही. अनिवासी भारतीयांनाही नाही. वारशानं आली तर गोष्ट वेगळी. ऑरिकमध्ये, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक शहरात, कंपन्यांना भूखंड मिळतो तो भाडेपट्ट्यानं.

कारखान्यातली गुंतवणूक हा निराळा विषय. तिथं केंद्र सरकारच्या १७ एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ नं (परकीय गुंतवणुकीबद्दलच्या परिपत्रकानं) उलट चाळणीच लावली : ज्या देशांची जमिनीवरची हद्द भारताला लागून आहे, तिथला पैसा आधी सरकारची मंजुरी घेऊनच यायचा. पैसा तिसऱ्या देशातून फिरून आला, पण खरा मालक तिथला असला, तरी त्या नोटमध्ये तेच होतं. कोरोनाच्या संकटात आपल्या कंपन्या कुणी संधी साधून ताब्यात घेऊ नयेत, हे कारण त्या नोटमध्येच दिलंय.

माझ्यामुळं कुणाची झोप उडाली असेल तर माफ करा. जुना मेसेज पुढं पाठवू नका, आणि जिथं पाठवला असेल तिथं हा खुलासा टाका.