वर्गाचा प्रतिनिधी निवडू न देणाऱ्यांनी आम्हाला मतदानाची शपथ देऊ नये

आज आमच्या महाविद्यालयात दुपारची प्रात्यक्षिके रद्द करून सगळ्या वर्गांना सभागृहात नेऊन बसवण्यात आले. निमित्त होते नवमतदारांशी संवादाचे. हजेरीपत्रक दारातच ठेवलेले होते आणि सही न करणाऱ्याचे नाव डिफॉल्टर यादीत जाईल, हे आदल्या दिवशीच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवले गेले होते. प्रमुख पाहुणे म्हणजे निवडणूक जवळ आली की ज्यांचे हात जोडलेले छायाचित्र शहरातल्या प्रत्येक चौकात झळकू लागते, अशांपैकी एक. ते दीड तास उशिरा आले, तरुण हेच देशाचे भवितव्य आहे असे त्यांनी सांगितले, आपल्या कार्यकर्त्यांकरवी आमची चित्रफीत काढून घेतली आणि एकाही प्रश्नाला उत्तर न देता निघून गेले. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला होता, तेव्हा साहेबांना पुढचा कार्यक्रम आहे असे सांगून सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शन सुरू केले.

त्या पाहुण्यांवर माझा फारसा राग नाही. गर्दी हे त्यांचे भांडवल आहे आणि ते गोळा करायला ते आले होते. राग आला तो त्यानंतरच्या पाच मिनिटांचा. आम्हा सगळ्यांना उभे करून, उजवा हात पुढे करायला लावून मतदारांची शपथ देण्यात आली. निर्भयपणे मतदान करू, धर्म, जात, भाषा यांच्या प्रभावाखाली येणार नाही, कोणत्याही प्रलोभनाला बळी पडणार नाही, असे आम्ही एका सुरात म्हणालो. ही शपथ देणारे सर तेच होते, ज्यांनी गेल्या वर्षी आमच्या वर्गाने घेतलेले मतदान आमच्यासमोर रद्दबातल केले होते.

तो प्रसंग माझ्या काही मित्रमैत्रिणींना माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, जो रोज एसटीने तासाभराचा प्रवास करून येतो. त्याला गुण बेताचेच पडतात, पण तो सगळ्या विषयांत पास आहे. गेल्या वर्षी आमच्या एका बॅचचे प्रात्यक्षिक संध्याकाळी उशिरा संपत असे आणि तोवर त्या बाजूच्या गावांना जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असे. गावाकडच्या मुली प्रात्यक्षिक अर्धवट सोडून पळत स्टँड गाठायच्या आणि त्यांचे अंतर्गत गुण कापले जायचे. या मुलाने त्या सगळ्या मुलींचे अर्ज लिहून घेतले, आगारातून गाड्यांचे वेळापत्रक आणले आणि विभागप्रमुखांसमोर बसून बॅचच्या वेळा बदलून घेतल्या. त्यानंतर वर्गप्रतिनिधी कोण असावा, याबद्दल आमच्या वर्गात कोणाला शंका उरली नव्हती. तरीही आम्ही रीतसर चिठ्ठ्या लिहिल्या, त्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या आणि फळ्यावर सगळ्यांसमोर मोजल्या. तो प्रचंड फरकाने निवडून आला. तेवढ्यात सर आले, त्यांनी फळा पुसला आणि म्हणाले, "कॉलेजात राजकारण करू नका. यादी ऑफिसमधून आलेली आहे." यादीत ज्या विद्यार्थिनीला सर्वाधिक गुण होते तिचे नाव होते. ती विद्यार्थिनी मी. माझी चिठ्ठीसुद्धा त्या मुलाच्याच नावाची होती, आणि मला हे पद नको आहे असे मी उभी राहून सांगितले, तरी कागदावर माझेच नाव गेले.

आता मला कोणीतरी समजावून सांगावे की, ज्या मुलांना स्वतःच्या वर्गातून एक माणूस निवडण्याची अक्कल नाही असे तुम्ही गृहीत धरता, त्यांच्याकडून 288 आमदारांची विधानसभा निवडून घेताना तुम्हाला भीती कशी वाटत नाही? मतदानाचे वय 21 वरून 18 वर 1989 मध्येच आले. आता तर सतरा वर्षे पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना 6, आगाऊ भरता येतो आणि वय मोजण्यासाठी वर्षातून चार अर्हता तारखा मिळतात. आमची नावे मतदार यादीत यावीत म्हणून एवढी धडपड करणारी व्यवस्था आमच्या वर्गातल्या चिठ्ठ्यांच्या डब्याला मात्र घाबरते.

महाराष्ट्रात हे असेच होते असे नाही. पूर्वी इथल्या महाविद्यालयांत थेट निवडणुका होत असत. 1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, हाणामाऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने आदल्या वर्षीचे गुण पाहून वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. त्यानंतर 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला. त्याच्या कलम 99 मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे आणि अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्गप्रतिनिधी हे सगळे विद्यार्थ्यांनी निवडायचे आहेत. 2019 मध्ये या निवडणुका होणार अशी घोषणाही झाली, पण विधानसभा निवडणुकीचे कारण पुढे आले आणि त्या लांबणीवर पडल्या. पुढे कोरोना आला. कोरोना गेला, लोकसभा झाली, पुन्हा विधानसभाही झाली, आणि आमच्या ऑफिसमधून अजूनही गुणांच्या क्रमाने यादीच येते.

निवडणुकांमुळे कॅम्पसवर गुंडगिरी येते, हा आक्षेप खोटा आहे असे मी म्हणणार नाही. 2024 मध्ये दिल्ली विद्यापीठात उमेदवारांनी पोस्टर्सनी आणि रंगांनी भिंती इतक्या विद्रूप केल्या की उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखून धरली आणि सप्टेंबरमधल्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागला. पण न्यायालयाने तिथे काय केले ते नीट पाहा. मतपेट्या जाळून टाका असे सांगितले नाही. भिंती स्वच्छ करा, मग मोजणी करा, असे सांगितले. आपल्याकडे मात्र भिंत खराब होईल या भीतीने तीस वर्षे मतदानच बंद आहे. आणि गुंडगिरी, पैसा, दारू, पाकिटे हे निवडणूक बंद करण्याचे कारण असेल, तर तो नियम आधी मोठ्यांना लावा.

खरे तर मोठ्यांनाही तो हळूहळू लावला जातो आहे, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. मुंबई महापालिकेची निवडणूक 2017 नंतर थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या सहीने चालली. पुण्यासारख्या इतर शहरांचीही तीच गत होती. लोकांनी निवडलेली माणसे नसली तरी कारभार चालतो, उलट सोपा होतो, ही चटक ज्यांना लागली आहे ते महाविद्यालयात विद्यार्थी परिषद कशाला येऊ देतील? मंत्रालयापासून आमच्या ऑफिसच्या खिडकीपर्यंत सगळ्यांना नेमलेली माणसे आवडतात. नेमलेला माणूस नेमणाऱ्याला प्रश्न विचारत नाही.

गंमतीचा भाग सोडा, मला तर याचे दुःख होते की ज्या शिडीने हे लोक वर गेले तीच त्यांनी काढून घेतली. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईच्या महाविद्यालयातून विद्यार्थी चळवळीत घडले. अरुण जेटली 1974 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते. सीताराम येचुरी जेएनयूच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते. त्यांच्यापैकी कोणाचे विचार पटोत वा न पटोत, पण भर सभेत विरोधकाला उत्तर देण्याची सवय त्यांना विशीतच लागली होती. आज माझ्या वयाच्या मुलाला राजकारणात यायचे असेल तर त्याच्यापुढे काय मार्ग आहे? दुचाकी रॅलीत झेंडा धरायचा, दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत आपला चेहरा छापून आणायचा आणि बापाची किंवा काकाची पुण्याई नसेल तर चाळिशीपर्यंत तिथेच थांबायचे.

रॅलीत जाणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना मी नावे ठेवणार नाही. ती मुले मूर्ख नाहीत. पेट्रोल मिळते, रात्रीचे जेवण मिळते, मेसचा महिना भरायचा राहिलेला असतो, आणि चार लोकांत कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारते याचेही त्यांना अप्रूप असते. महाविद्यालयाने त्यांना नावाने हाक मारली असती, एखादी जबाबदारी दिली असती, तर त्यातली निम्मी मुले त्या गाड्यांवर बसली नसती. हे मला कोणी आकडे देऊन सिद्ध करायला सांगू नये. मी त्यांच्याबरोबर रोज बसते.

आणि निवडणूक झाली तर आम्ही कशावर मते मागू, हेही सांगते, कारण 'मुलांना कुठे मुद्दे असतात' असे आज सभागृहाबाहेर एक मॅडम म्हणत होत्या. वाचनालय पाचला बंद होते, त्यामुळे खोलीवर सहा जणी राहणाऱ्या मुलीला अभ्यासाला जागा नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही आणि तोवर ऑफिस त्या विद्यार्थ्याचा निकाल अडवून धरते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसते. अंतर्गत गुण कशावर दिले जातात ते कोणी दाखवत नाही. हे मुद्दे लहान वाटत असतील तर अहमदाबादची आठवण करून देते. डिसेंबर 1973 मध्ये तिथल्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी वसतिगृहाच्या मेसचे बिल वाढले म्हणून संपावर गेले. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी 1974 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मेसच्या ताटापासून राजकारण फार लांब नसते.

गुणांवर प्रतिनिधी नेमण्यात काय चूक आहे, असे मला घरचेही विचारतात. चूक काय ते मी स्वतः भोगले आहे. प्रतिनिधी म्हणून नाव लागल्यानंतर मला एकदा ऑफिसमध्ये बोलावून एका बैठकीच्या इतिवृत्तावर सही करायला सांगितले गेले. त्यात 'विद्यार्थी प्रतिनिधींशी चर्चा करून' शुल्काचा एक निर्णय घेतल्याचे लिहिले होते. अशी बैठक झालीच नव्हती. मी सही केली नाही, पण परत येताना माझे पाय कापत होते, कारण माझ्या पाठीशी कोणी नव्हते. वर्गाने मला निवडलेच नव्हते, तर मी कोणाच्या बळावर नाही म्हणत होते? एसटीने येणारा तो मुलगा माझ्या जागी असता तर तो एकटा गेला नसता. ज्या मुलींचे अर्ज त्याने लिहिले होते त्या सगळ्या त्याच्या मागे दारात उभ्या राहिल्या असत्या. गुणपत्रिकेच्या मागे असे कोणी उभे राहत नाही.

लिहिता लिहिता सरांवरचा राग थोडा निवळला आहे. सर स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतात. दरवर्षी त्यांची नेमणूक नव्याने होते, मानधन महिनोन्‌महिने थकते आणि संस्थेतल्या कोणाचा एक फोन आला तर पुढच्या जूनमध्ये त्यांचे नाव वेळापत्रकात नसेल. आज ते शपथ वाचत असताना त्यांचा आवाज 'निर्भयपणे' पाशी अडखळला, की मला तसे वाटले, कोण जाणे. ज्यांना स्वतःला भीतीशिवाय बोलता येत नाही त्यांच्याकडून आमच्या चिठ्ठ्यांचे रक्षण होईल अशी अपेक्षा करणे कठोर आहे, हे मला कळते. पण फळा त्यांच्याच हाताने पुसला गेला, आणि तेही मी विसरू शकत नाही.

नियमांची अडचण आहे असे कोणी सांगू नये. विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सांगणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच स्वीकारल्या आहेत. उमेदवाराची हजेरी 75 टक्के हवी, विषय राहिलेले नसावेत, खर्च 5,000 रुपयांच्या आत हवा, छापील पोस्टर चालणार नाही, हाताने लिहिलेलेच लावायचे, प्रचाराचे दिवस मर्यादित. या अटी जशाच्या तशा लावा, आमची काही हरकत नाही. उलट एवढ्या अटी उद्या महापालिकेच्या उमेदवारांना लावल्या तर किती जण उरतील, तेही पाहायला मला आवडेल.

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवले आहे की, सोमवारी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि एक प्रत विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला पाठवायची. कलम 99 प्रमाणे यंदा आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी परिषदेची निवडणूक होणार आहे का, होणार नसेल तर कोणाच्या आणि कोणत्या आदेशाने, एवढेच त्यात विचारलेले आहे. पहिली सही माझी आहे, दुसरी त्याची. इतर महाविद्यालयांतल्या ज्या मित्रमैत्रिणींना आपापल्या ठिकाणी असा अर्ज द्यायचा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मसुदा मी लगेच पाठवते. त्यात फक्त महाविद्यालयाचे नाव बदलावे लागेल.