आजारी पडण्यापूर्वी रकाना बघा

मराठवाड्यातल्या माणसाला आजारी कसं पडावं हे कुणी शिकवत नाही, तिथूनच सगळी फजिती सुरू होते. ताप चढला की तो पोराच्या मोटारसायकलवर मागे बसतो आणि तालुक्याच्या दवाखान्यात जातो. तिथून सिव्हिलला, सिव्हिलहून घाटीला, म्हणजे औरंगाबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. आपण गेलो तर संसदेतल्या उत्तराच्या कोणत्या रकान्यात बसणार, हा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. मग कुणी खासदार सभागृहात विचारतो आणि उत्तर येतं की अशी नोंद नाही. आता यात सरकार काय करणार? नोंद होईल असं मरायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?

२० जुलै २०२१ चं उत्तर तुम्ही कापून घरात लावायला हवं होतं. राज्यसभेत प्रश्न होता की कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी रस्त्यांवर आणि दवाखान्यांत मोठ्या संख्येनं रुग्ण दगावले, हे खरं आहे काय. आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी कळवलं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि ऑक्सिजनच्या कमतरतेनं मृत्यू झाल्याचं राज्यांनी किंवा केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वानं कळवलेलं नाही. त्याच उत्तरात असंही होतं की पहिल्या लाटेत ऑक्सिजनची कमाल मागणी ३,०९५ टन होती, ती दुसऱ्या लाटेत ९,००० टनांच्या जवळ गेली. मागणी तिप्पट, मृत्यूंची नोंद शून्य.

दिल्लीवर रागावण्याची घाई करू नका. तेव्हा मुंबईत दिल्लीच्या विरोधकांचं सरकार होतं आणि आरोग्यमंत्री तर आपल्याच जालना जिल्ह्यातले. केंद्राला उघडं पाडायची अशी संधी पुन्हा आली नसती. राजेश टोपे यांनीही सांगितलं की राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं आम्ही कधी म्हटलेलंच नाही. अनेकांना दुसरे आजार होते. बाकी कशावर एकमत न होणाऱ्या लोकांचं इथं किती सहज जमलं बघा.

आणि खरं सांगायचं तर यात कुणी सरळसरळ खोटं बोललं असं मलाही वाटत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर लिहितो न्यूमोनिया, कोविड, श्वसनक्रिया बंद पडणे, जोडीला मधुमेह. सिलिंडर संपणं हा आजार नाही, त्यामुळे तो आजाराच्या जागी लिहिता येत नाही. जिल्ह्यानं दाखले पाहिले, राज्याला कळवलं. राज्यानं केंद्राला, केंद्रानं सभागृहाला. सगळे आपापल्या कागदाशी प्रामाणिक राहिले. तेव्हा शेवटची घटका जवळ आली की डॉक्टरला बोलावून कारण नीट लिहायला सांगा. तो सिलिंडर शोधायला गेला असेल तर थोडं थांबा.

वेळेचंही भान ठेवत चला. २०२१ चं अर्थसंकल्पी अधिवेशन ८ एप्रिलपर्यंत चालायचं होतं. निवडणुकांचे दिवस होते, ते २५ मार्चलाच गुंडाळलं. पुढचं सुरू झालं १९ जुलैला. तुम्ही नेमके मधल्या एप्रिल-मेमध्ये बेड शोधत फिरलात. एप्रिलच्या अखेरीस अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह स्मशानात नेले. रुग्णवाहिका पुरेशा नाहीत, असं दवाखान्यानं सांगितलं. त्या आठवड्यात संसदेत विचारायचं म्हटलं तरी कुणाला विचारणार, सभागृहाला कुलूप होतं. त्याआधीच्या वर्षी, २०२० च्या पावसाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता आणि हिवाळी अधिवेशन झालंच नाही. संसदेच्या स्थायी समित्यांनी ऑनलाइन बैठकीची परवानगी मागितली, तर गोपनीयतेचा नियम आडवा आला. आपल्या पोरांची शाळा मोबाइलवर, कोर्ट मोबाइलवर, दहाव्याचा विधीसुद्धा मोबाइलवर. ऑक्सिजन तेवढा गोपनीय.

तरी एक समिती आगाऊ निघाली. राम गोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं नोव्हेंबर २०२० मध्येच अहवाल दिला. सरकारी दवाखान्यांतले बेड अपुरे आहेत, ऑक्सिजनचं उत्पादन वाढवा, सिलिंडरच्या किमतीला चाप लावा, असं त्यात लिहिलेलं होतं. दुसरी लाट यायला अजून काही महिने होते. अहवाल वेळेआधी आला, दोष असेल तर एवढाच. याच समितीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा लिहिलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झालेच नाहीत हे म्हणणं दुर्दैवी आहे, राज्यांना सोबत घेऊन या मृत्यूंचं ऑडिट करा. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. समितीच्या सदस्यांना हे माहीत असतं, सरकारलाही माहीत असतं. आता तुम्हालाही झालं.

यंत्रांच्या बाबतीतही तुमचं वागणं सुधारायला वाव आहे. घाटीला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. वापरायला काढलेले ११३ सदोष निघाले आणि उरलेले खोक्यातून काढलेच नाहीत, असं मे २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर आलं. केंद्राचं म्हणणं पडलं की यंत्रं ठीक आहेत, चालवणाऱ्यांना प्रशिक्षण नाही. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची बाजू लढवण्यापेक्षा रुग्णांची काळजी दाखवली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी सुनावलं. न्यायमूर्तींचा अभ्यास असेल, पण मला केंद्राचा मुद्दा पटतो. चांगल्या यंत्रावर श्वास घ्यायचं प्रशिक्षण रुग्णांनीही घेतलेलं नव्हतं.

आकडेवारीत यायचं असेल तर पायी चालू नका, ही सूचना जरा उशिराच देतोय. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशात घरी निघाले होते. सप्टेंबरमध्ये लोकसभेत कुणी विचारलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले आणि भरपाईचं काय. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. देशभरातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्या रुळांवरच्या भाकरी छापून आल्या होत्या. मंत्रालयात पेपर येत नसावा.

कोरोना गेला, आता तुटवडा कशाचा, असं कुणी विचारलं तर खिशातली चिठ्ठी दाखवा. तुम्हाला ती ठाऊक आहेच. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या भागाचा फाडलेला तुकडा. त्यावर सलाइन, अँटिबायोटिक, कधी नुसते हातमोजे आणि सुई. ‘बाहेरून आणा.’ शिक्का नाही, सही नाही, तारीखही नाही. बाई पोराला खांद्यावर टाकून समोरच्या मेडिकलवर जाते आणि विचारते, “कामून हो दादा, सरकारी दवाखान्यात औषध नसतंय का?” दादाला कारण माहीत असतं, पण त्याचा धंदा त्यावरच चालतो. सरकारी साठ्यात जे औषध आलंच नाही ते संपल्याची नोंद होत नाही. आणि जे तुम्ही विकत आणलं ते दवाखान्यात दिलं गेलंच, म्हणजे रुग्णाला औषध मिळालं. तुटवड्याचा एकमेव पुरावा तुमच्याकडे असतो आणि तो तुम्ही घरी येताना बसमध्ये पुडीसारखा चुरगाळून टाकता. चिठ्ठीवर शिक्का मागून बघा एकदा. औषध मिळणार नाही, पण साहेब कसे दिसतात ते कळेल.

संसदेचं लक्ष मराठवाड्याकडे नाही असं म्हणणाऱ्यांना नांदेड दाखवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बाळं. औषधं पुरेशी होती, असं सरकारनं सांगितलं. मग हिंगोलीचे तेव्हाचे खासदार स्वतः आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करून घेतला, कॅमेऱ्यासमोर. तारांकित प्रश्न नाही, पंधरा दिवसांची नोटीस नाही, पुरवणी प्रश्न नाहीत. खरेदीची फाइल कुठं अडली ते कॅमेऱ्यात आलं नाही, पण संडास चकचकीत झाला. गुन्हा दाखल झाला खासदारांवर, आणि एका नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही. त्या बाळांच्या बाबतीत शेवटी कुणावर काय झालं, ते विचारायचं असेल तर पुढं वाचा.

प्रश्न आपल्या आमदारामार्फत मुंबईला पाठवणार असाल तर साच्यातच लिहा: अमुक रुग्णालयात औषधांअभावी रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरही मीच सांगून ठेवतो, अधिवेशनाची वाट बघू नका. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, स्थानिक स्तरावर खरेदीच्या सूचना दिल्या आहेत. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

एवढं सगळं झेपणार नसेल तर सोपा मार्ग एकच आहे. विधिमंडळाची समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते, त्या दिवशी आजारी पडा. चादर धुतलेली असते, डॉक्टर जागेवर असतो, औषध आतच मिळतं आणि नळाला पाणीही येतं. तारखेसाठी कुणाची ओळख लागत नाही. सिव्हिलच्या भिंतीला चुना लागायला लागला की चार-पाच दिवस उरलेत असं धरा, आणि तोवर ताप अंगावर काढा.