'शिकलेल्या नसलेल्या बायका काय बरं करणार?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

(बत्तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काकू म्हणायचं धाडस करतेय.)

आमच्या गटातल्या स्वयंसेविका नव्या बाळंतिणींना घरी जाऊन भेटतात, त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचताना निम्मा उतरला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाळंतिणीचं नैराश्य हा आजार असेल तर डॉक्टरांनी बघावा, चार दिवस प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी घरोघर जाऊन गप्पा मारणं हा पोरखेळ आहे. आणि आजार नसेल, तर सवा महिना माहेरी आराम मिळाला की झालं.

आधी माझी चूक. 'गोळ्यांपेक्षा मैत्रीण बरी' हे वाक्य मी टाळ्यांसाठी लिहिलं. ते वाचून एखादीने चालू गोळ्या सोडल्या असत्या तर? लेखातून काढून टाकलंय. आमच्या गटात कुणी स्वयंसेविका औषध बंद करायला सांगतेय असं कळलं, तर तिच्या भेटी त्याच दिवशी थांबतात. हा नियम मीच लिहिलेला, आणि लिहायला बसल्यावर मीच विसरले!

आता भांडण. शेक, धुरी, आळिवाची खीर यांच्याशी माझं वैर नाही. माझी दोन्ही बाळंतपणं आईच्या डिंकाच्या लाडवांवर निभावली. पण त्या खोलीत येणारा प्रत्येक जण बाळाकडे बघतो. एका बाळंतिणीच्या घरी गेले होते, ती लंगोटांच्या घड्या घालत होती. एकच लंगोट तीनदा मोडून पुन्हा घडी केला. झोप लागते का विचारलं, तर म्हणाली, "बाळ झोपतं तेव्हाही नाही." मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुरू झाली, तेवढ्या आवाजात पुढचं बोलली, "सगळे म्हणतात किती गोड आहे. मला शेजारणीचं बाळ सांभाळतेय असंच वाटतं."

हिने दवाखान्यात एडिंबरा प्रश्नावली, म्हणजे बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, भरली होती. १९८७ सालची, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. साधन चांगलं आहे, आम्हीही वापरतो. पण तिथे प्रश्न सासूबाईंनी वाचून दाखवले आणि हिने उत्तरं दिली. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. सासूसमोर कोण हो म्हणेल? कागदावर ती ठणठणीत होती. ती ठणठणीत नाही हे दुपारी अडीच वाजता, घरातले आडवे झाल्यावर, तिच्याशेजारी बसलेल्या बाईला कळलं. डॉक्टरकडे ती गेली ती त्यानंतर.

'शिकलेल्या नाहीत' म्हणता, तर कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास बघा. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नैराश्याचा धोका जास्त असलेल्या ७०१ नव्या आया. त्यांतल्या निम्म्यांना फोन करणाऱ्या बाया स्वतः या नैराश्यातून गेलेल्या, प्रशिक्षण फक्त चार तासांचं. बारा आठवड्यांनी फोन मिळालेल्यांत १४ टक्के आयांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली, न मिळालेल्यांत २५ टक्के. जवळचं उदाहरण हवं तर गोव्यात 'संगाथ' संस्थेने साध्या गृहिणींना 'सखी' म्हणून तयार केलं. नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांचा तो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण सहा महिन्यांनी लक्षणं ओसरलेल्या बायका सखी जात होत्या त्या गटात जास्त निघाल्या.

तुमची भीती मात्र एका ठिकाणी शंभर टक्के खरी आहे. बाळंतपणानंतरचं वेड, म्हणजे दोन-दोन रात्री झोप नाही, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतेच संशय. तिथे गप्पा मारत बसणं गुन्हाच. अशी एक जरी खूण दिसली की आमची बाई तिला एकटं सोडत नाही, घरातल्या एकाला आणि आमच्या समन्वयक ताईंना कळवते आणि तडक रुग्णालय गाठायचं. जीव देण्याचं बोलली तरी तेच, 'कुणाला सांगू नका' म्हणाली तरीही. रात्री-अपरात्री फोनवर बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो नंबर पहिल्याच भेटीत फ्रिजवर चिकटतो.

या खुणा आमच्या बायकांना मी पाठ करून घेते, पण मी वॉर्डात कधी उभी राहिलेले नाही. तुम्ही राहिलात. पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण दिवाळीनंतर आहे, त्यात दोन तास तुम्ही घ्याल का? फोन नंबर इथे उघड्यावर लिहू नका, ईमेलने पाठवा.