पाचवी सही

परवा फ्रेमच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझ्या पोस्टरवर सही ठोकली. परमनंट मार्करने. अजून आठवलं की डोकं फिरतं.

पोस्टर साधंसुधं नाही हो. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, भर पावसात भिजत भाषण करणारे पवारसाहेब, तोच तो फोटो. त्यानंतर सहाच दिवसांत निकाल लागला आणि संपली संपली म्हणत होते ती राष्ट्रवादी ४१ वरून ५४ आमदारांवर गेली, लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले, आणि मी त्या लाटेत पोस्टर काखेत मारून लग्न, बारसं, दहावं काही न सोडता हिंडलो आणि चार पुढाऱ्यांच्या सह्या जमवल्या. एक तर दहाव्याच्या घाटावर घेतली, कावळा शिवायची वाट बघत सगळे मोकळेच उभे होते.

मग पोस्टर कपाटावर पडलं. बायको म्हणाली फ्रेम करा नाहीतर रद्दीत देते.

दुकानात हे काका नातवाचं स्केटिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलेले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेका सहीवर बोट.

"हे कुठं असतात आता?"

"त्या गटात."

"आणि हे?"

"हे पण तिकडंच."

"हे?"

"हे इकडं आहेत. म्हणजे परवापर्यंत होते."

चौथी सही कुणाची ते मलाच आठवेना.

"मग हे पोस्टर घड्याळाचं का तुतारीचं?"

मी आपला शहाण्यासारखा सांगायला लागलो, की काका तेव्हा पक्ष एकच होता, फूट पडली जुलै २०२३ ला, घड्याळ अजितदादांकडे गेलं फेब्रुवारी २०२४ ला, साहेबांना तुतारी मिळाली...

"ते मला नको सांगू. मी पिपाणीला मत दिलेला माणूस आहे."

मी गप्पच. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात एका अपक्षाच्या, तुतारीसारख्याच वाटणाऱ्या पिपाणीने ३७ हजार मतं खाल्ली आणि तुतारीवाले शशिकांत शिंदे पडले ३२ हजारांनी. या लोकांवर मी व्हॉट्सॲपवर किती जोक फॉरवर्ड केले असतील, आणि त्यातला एक जिवंत माणूस समोर उभा. बरं त्यांची तरी काय चूक? चिन्हं हे वाटणार, नेते ते पळवणार, आणि हसायचं कुणाला तर मशीनसमोर डोळे बारीक करून उभ्या म्हाताऱ्याला.

फ्रेमवाला मध्येच, "मधोमध कापून दोन फ्रेमा करू का? दोन बॉर्डर वेगळ्या लावतो." याला वाटलं वाटणीपत्रच आलंय.

तेवढ्यात काकांनी काउंटरवरचा मार्कर उचलला. "त्या सभेला मी होतो. खुर्ची डोक्यावर धरून. नंतर आठ दिवस तापाने झोपलो. ह्यातला एक तरी आला का बघायला?" आणि मी अहो अहो करेपर्यंत साहेबांच्या ओल्या शर्टाच्या बरोब्बर खाली, आडनावासकट, खाली दोन रेघा मारून सही. वर फुंकर मारून वाळवली पण.

आता हॉलमध्ये लावलंय. आलेला प्रत्येक जण विचारतो हे कोण, कारण पाचांत तेवढीच वाचता येते. मी 'जुने कार्यकर्ते' म्हणून सांगतो. आणि फ्रेमवाल्याने काचेचे ११० रुपये जास्त लावले ते वेगळंच.