दारावर अंगठा दाबून गाडी सेफ ठरत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, तुमच्याकडेही आला असेलच. दारावर अंगठा दाबा, पत्रा दबला तर डबा, नाही दबला तर लोखंड, म्हणून टाटा घ्या, मारुतीवाल्यांनो विमा काढून ठेवा, आणि जो ह्याला नाही म्हणेल तो विकला गेलाय. परवा आमच्या विंगमधल्या एका मुलाने पहिली गाडी खरंच अशी अंगठा दाबून ठरवली, म्हणून लिहायला बसलो.

आधी पत्रा. अंगठ्याखाली येतं ते गाडीचं नुसतं कातडं, धडक झेलतात ते आतले पिलर, फ्लोअर आणि दारातला आडवा बीम. पुढचा भाग तर मुद्दाम चुरगळेल असाच बनवतात, धक्का तिथे जिरला की माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. इथे कुर्ल्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचं नाव हमखास निघतं, काय पत्रा होता म्हणून. आमच्या बाबांनी काळीपिवळी पद्मिनी चालवूनच घर चालवलं, माझा त्या गाडीवर जीव आहे, पण 2009 साली अमेरिकेत गाड्या ठोकून तपासणाऱ्या आयआयएचएस संस्थेने 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू ताशी 64 किमीने समोरासमोर ठोकली, तर त्या जुन्या दणकट गाडीची केबिनच कोसळली, ड्रायव्हर वाचलाच नसता, आणि मालिबूतल्या डमीच्या, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या, पायाला थोडा मार, बस.

आणि दोन्ही गाड्या एकाच ब्रँडच्या, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे तेच. ग्लोबल एनकॅप, म्हणजे गाड्या ठोकून सेफ्टीचे पाचपैकी स्टार देणारी संस्था, तिच्या टेस्टमध्ये 2014 ला टाटा नॅनोला शून्य स्टार होते आणि 2018 ला त्याच टाटाच्या नेक्सॉनला पाच. मारुतीच्या स्विफ्टला 2014 ला शून्य, 2024 ला डिझायरला पाच. मग लोखंड कोण आणि डबा कोण? स्टार मॉडेलचे असतात, तेही त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे, आडनावाचे नसतात. 2023 पासून आपली स्वतःची तशीच टेस्ट, भारत एनकॅप, आहे, त्यात मोठ्यांचे आणि लहान मुलांचे स्टार वेगळे दिलेले असतात, तेवढं बघून घ्या ना.

'गाडीचा चुरा पण सगळे सुखरूप' ह्या फोटोंत वेग दिसत नाही, बेल्ट दिसत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमधल्या चारोटीजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले ती गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागे बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा झाला, तरी आज ईस्टर्न एक्सप्रेसवर शेजारच्या गाडीत डोकावून बघा, मागचे बेल्ट सीट कव्हरखाली दाबलेले.

आता विकला गेलाय वालं. मागच्या पावसाळ्यात सायनच्या फ्लायओव्हरवर माझ्या गाडीचं स्टिअरिंग अचानक जड झालं, बायको मुलगी गाडीत होत्या. कंपनीचं नाव घेत नाही. त्या गाडीच्या ओनर्स ग्रुपवर विचारलं तर उत्तरं काय, तुला चालवता येत नाही, दुसऱ्या ब्रँडचा माणूस आहेस, गाडी विकून टाक. कर्ज काढून, दागिने मोडून घेतलेली गाडी असते, तिला कोणी बोललं की लागतं हे मला कळतं, मलाही लागतं. पण त्याच रात्री तिघांनी पर्सनलवर लिहिलं, दादा आमचंही असंच होतंय, ग्रुपवर बोलू नका. त्यातला एक दर शनिवारी आईवडिलांना घेऊन कसारा घाटातून नाशिकला जातो.